नाटकाचा मेटॅडोर अकोल्याला जातो

नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. सकाळचे साडेनऊ वाजले होते. अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर आमचा मेटॅडोर उभा होता. टपावर घडीच्या खुर्च्या, बांबू, दोन पडदे आणि लाईटची खोकी बांधलेली. आत चौदा माणसे, तीन डबे आणि एक हार्मोनियम. पुतळ्याला हार घालून सगळे खाली उतरले तरी ड्रायव्हर घाई करीत होता. "साहेब, अकोला काई जवळ नाई. शंभर किलोमीटर हाये," असे तो तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा आम्ही निघालो.

मी या नाटक मंडळाचा कोषाध्यक्ष. पोटासाठी कारकुनी करतो. बी. कॉम. झालेला माणूस वस्तीत मिळाला की त्याच्या गळ्यात हिशेबाची वही बांधायची, हा आपल्या चळवळीतला जुना रिवाज आहे. तशी ती माझ्या गळ्यात पडली. मला अभिनय येत नाही, गाता तर मुळीच येत नाही. पण नाटक उभे राहते कसे, ते मी वहीच्या बाजूने पाहिले आहे. त्या प्रवासात जे आठवले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या वस्तीत असे मंडळ आहे, किंवा काढायचे मनात आहे.

आधी आमच्या नाटकाविषयी. ते आमच्याच वस्तीतल्या एका निवृत्त गुरुजींनी लिहिले आहे आणि ते अमरावतीचेच आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी या शहरात अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहासाठी परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पंजाबराव देशमुखांसारखी माणसे या लढ्याच्या बाजूने उभी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचे तळे पेटले होते आणि डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन व्हायचे होते. या दोहोंच्या मध्ये आमचे अमरावती येते. ही परिषद भरली ती इंद्रभुवन थिएटरात. म्हणजे देवळाचे दार बंद होते, तेव्हा आपल्या माणसांना बसायला जागा मिळाली ती नाटकाच्या घरात! परिषदेच्या दिवसांतच मुंबईहून तार आली की बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम गेले. ते दुःख गिळून बाबासाहेबांनी परिषदेचे काम पुरे केले.

गुरुजींनी नाटकात एक म्हातारी घातली आहे. कापूस वेचणारी, चार कोस चालून परिषदेला आलेली, थिएटरच्या दारापाशी बसून ऐकणारी. ही म्हातारी गुरुजींच्या कल्पनेतली. परिषद, थिएटर आणि तार मात्र इतिहासातली. नाटकात सगळ्यात कमी बोलते ती ही म्हातारी आणि सगळ्यात जास्त वेळ रंगमंचावर असते तीही हीच.

बडनेऱ्याचा रेल्वे पूल ओलांडला आणि गाडीत गाणी सुरू झाली. बाबासाहेबांची भूमिका करणारा पोरगा मात्र खिडकीशी बसून ओठातल्या ओठात आपले भाषण घोकत होता. हा पोरगा एरवी ऑटो चालवतो. त्याची निवड कशी झाली, ते सांगण्यासारखे आहे.

आम्ही पात्रांची निवड आषाढी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी करतो. विहाराच्या फळ्यावर आठ दिवस आधी सूचना लागते आणि रविवारच्या वंदनेनंतर ती वाचूनही दाखवतात, कारण फळा सगळ्यांनाच वाचता येतो असे नाही. यंदा एकेचाळीस जण आले. त्यातल्या सतरा जणांना बाबासाहेबच व्हायचे होते. कोणी कोट शिवून आला होता, कोणी चष्मा घेऊन आला होता. आमच्या अध्यक्षांचा पुतण्या तर केस मागे फिरवूनच आला होता.

पहिल्या काही वर्षांत निवडीवरून आमच्यात इतकी भांडणे झाली की एकदा मंडळ फुटता फुटता राहिले. कोणाचा मुलगा, कोणाचा मेहुणा, कोणाची वर्गणी मोठी, अशा गोष्टी नाटकाच्या आधी स्टेजवर चढायच्या. तेव्हा गुरुजींनी एक साधी रीत काढली. परीक्षक तिघे, ते भिंतीकडे तोंड करून बसतात. उमेदवाराला चिठ्ठीवर नंबर मिळतो, नाव पुकारायचे नाही. सगळ्यांना त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली एकच बातमी वाचायला द्यायची. आवाज कोठून येतो, शब्द पोटातून येतो की नुसता घशातून, श्वास कुठे घेतला, हे कानांना कळते. कोट आणि चष्मा कानांना दिसत नाहीत. यंदा अकरा नंबरची चिठ्ठी निवडली गेली. ती ऑटोवाल्याची निघाली. अध्यक्षांच्या घरून पुढचे दोन महिने वर्गणी आली नाही. तिसऱ्या महिन्यात मात्र पुतण्या आपण होऊन आला आणि लाईटच्या कामाला लागला. आज टपावरची खोकी त्यानेच बांधली होती.

म्हातारीच्या भूमिकेला तीन कॉलेजच्या मुली आल्या होत्या. तिघीही चांगल्या, पण आवाज कापरा केला की म्हातारी झाली, असे त्यांना वाटायचे. दारात एक बाई नातवाला घ्यायला आल्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढे. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "पोरी, म्हातारी अशी नसते बोलत वं. चार कोस चालून आलेल्या बाईले दम लागला असते. थे आधी पाणी मांगते, मंग बोलते."

परीक्षकांनी भिंतीकडची तोंडे वळवली. गुरुजी म्हणाले, "मावशी, तुम्ही बोलून दाखवा बरं."

"मले वाचता येत नाई, गुरुजी."

"मी वाचतो. तुम्ही मागून म्हणा."

मावशी म्हणाल्या. विहारात पोरेटोरे होती, तीसुद्धा गप्प झाली. तिन्ही मुलींनीच टाळ्या वाजवल्या. त्यातली एक आज मेटॅडोरमध्ये मावशींच्या शेजारी बसली होती. नाटकात ती मावशींची सून आहे.

आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस दिसू लागला. वऱ्हाडाचा हा काळ पांढरा असतो. रविवार असूनही वावरात बायांच्या रांगा होत्या. कमरेला ओटी बांधलेली, डोक्याला फडके. मावशी खिडकीतून पाहात म्हणाल्या, "हे दुसरं वेचन हाये. आता वजन कमी भरते." गाडीतली गाणी थांबली नाहीत, पण मी गप्प झालो. कारण याच कापसामुळे आमचे नाटक ऑक्टोबरच्या अखेरीस बंद पडायची वेळ आली होती आणि त्यात माझा हात होता.

तालमी रात्री साडेआठ ते साडेदहा. हजेरीचे पुस्तक माझ्याकडे. तीन गैरहजेऱ्या झाल्या की भूमिका जाते, हा नियमही मीच मांडून मंजूर करून घेतलेला. मावशी पहिले महिने एक दिवस चुकल्या नाहीत. नातीने वाचायचे आणि त्यांनी म्हणायचे, असे करून त्यांनी सगळी भूमिका पाठ केली. पण कापूस फुटला आणि त्या येईनाशा झाल्या. एक, दोन, तीन. मी लाल शाईने खुणा केल्या आणि बैठकीत म्हणालो, नियम म्हणजे नियम. गुरुजी एवढेच म्हणाले, "आधी जाऊन विचारा तरी."

मग मी एका रविवारी बडनेऱ्याकडच्या त्या वावरात गेलो. वर्षानुवर्षे याच रस्त्याने मी बसमधून जात आलो, पण वेचणीच्या दिवशी धुऱ्यावर उभा राहिलो तो त्याच दिवशी. काट्यावर गाठोडे लटकवून वजन चालले होते. वेचणीची मजुरी किलोवर असते. जितका कापूस तितके पैसे. कवडीचा काठ बोटांना लागून मावशींच्या नखांजवळ भेगा पडल्या होत्या. पहाटे चारला उठून स्वयंपाक, साडेसहाला बायांचा ऑटो, संध्याकाळी परत, पुन्हा स्वयंपाक आणि मग तालीम. तरीही त्या तालमीला यायला तयार होत्या. अडचण होती प्रयोगांची.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तालमीले म्या येईन. पन नाटकाच्या दिवशी घरी राहा लागते, अन् रात्री उशिरा आलं तं दुसऱ्या दिवशी बी उठनं होत नाई. दोन दिवस गेली नाई तं माह्या जागी दुसरी बाई लागते. मंग हप्ताभर काम नाई. तुमाले पगारी सुट्टी भेटते. मले कोन देते?"

त्या रागाने बोलल्या नाहीत. मला मात्र उत्तर सुचले नाही. मी खरोखरच प्रत्येक प्रयोगाला किरकोळ रजा टाकतो आणि माझा पगार कापला जात नाही. इतक्या वर्षांत आपण समाजासाठी रजा खर्च करतो, याचा मला थोडा अभिमानही होता.

मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. ज्यांनी शकुंतलेचा प्रवास केला आहे, त्यांना हे स्टेशन आठवत असेल. इथून एक छोटी रेल्वे यवतमाळला आणि दुसरी अचलपूरला जायची. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी ती घातली होती. आता ती बंद आहे. याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी डेबूजीचे, म्हणजे गाडगेबाबांचे, बालपण गेले. पडदा नाही, लाईट नाही, एक खापर आणि एक काठी. समोरच्या माणसाला प्रश्न विचारीत विचारीत हजारोंना रात्रभर बसवून ठेवणारा हा माणूस. चहा पिताना गुरुजी म्हणाले, "पैसे नसताना नाटक कसं करावं ते याच मातीत शिकायचं." मी म्हणालो, "गुरुजी, बाबांना टेम्पोचं भाडं नव्हतं." सगळे हसले. पण पैशाचा विषय निघाला, तर तो इथेच सांगून टाकतो.

आमच्या एका वर्षाची जमा अशी. बासष्ट सभासद, महिना पन्नास रुपये, वर्षाचे ३७,२०० रुपये. घरोघर वीस आणि पन्नासच्या पावत्या फाडून ४१,३५० रुपये. स्मरणिकेच्या जाहिराती ३६,००० रुपये. त्यात किराणावाला, टायरवाला, शिवणक्लास आणि दोन डॉक्टर आहेत. बाहेरच्या चार वस्त्यांनी प्रयोगासाठी दिलेले सहा हजारांप्रमाणे २४,००० रुपये. एकूण १,३८,५५० रुपये. हा हिशेब दर तिमाहीला विहाराच्या फळ्यावर लागतो. ज्या बाईने वीस रुपये दिले, तिला आपले वीस रुपये कुठे गेले हे विचारायचा हक्क आहे. बाया विचारतातही!

यंदा एका ठेकेदाराने पंचवीस हजार रुपये एकरकमी देऊ केले. अट दोन गोष्टींची. स्टेजच्या मागे त्यांचा मोठा बॅनर, आणि दोन अंकांच्या मध्ये पंधरा मिनिटे भाषण. पंचवीस हजार म्हणजे पावत्यांसाठी केलेली निम्म्याहून जास्त पायपीट वाचली असती. बैठक रात्री बारापर्यंत चालली आणि एका मताने ते पैसे नाकारले गेले. त्यांना निरोप गेला की स्मरणिकेत सगळ्यांसाठी एकच दर आहे, पूर्ण पान तीन हजार. त्यांनी पान घेतले. मी मात्र त्या रात्री पैसे घ्यावेत या बाजूने हात वर केला होता, हे लपवत नाही. हिशेबनीसाला रक्कम दिसते, बॅनर दिसत नाही.

आणि मग मावशींचा प्रश्न बैठकीत आला. मी वावरातून परत येऊन तो मांडला, पण उत्तर घेऊन गेलो नव्हतो. गुरुजींनी सुचवले की ज्यांची रोजी बुडते त्यांना मंडळाने ती भरून द्यावी. पहिला विरोध माझाच. मी म्हणालो, आपल्या खतावणीत असे खातेच नाही. आपली संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, दरवर्षी ऑडिट होते, ऑडिटर विचारतील की हे काय आहे. दुसरा विरोध एका वडीलधाऱ्यांचा आणि तो माझ्यापेक्षा वजनदार होता. ते म्हणाले, "समाजकार्याचे पैसे घ्यायचे? भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव गेले. त्या माणसांनी काय रोजी मागितली?"

हा प्रश्न साधा नव्हता. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी जलसे काढले, खेड्यापाड्यांत बाबासाहेबांचा विचार पोचवला. आपल्या दहा सभा आणि एक जलसा सारखेच, असे बाबासाहेब म्हणत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात झाले, बाबासाहेबांनी ते पाहिले, आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरच्या दीक्षा सोहळ्याच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. आपली रंगभूमी त्यागावर उभी आहे, यात शंका नाही.

गुरुजींनी वडीलधाऱ्यांना नमस्कार केला आणि हळू आवाजात म्हणाले, "दादा, त्या जलशांत बायांची कामं कोण करायचं?"

"पुरुषच करायचे. तेव्हा तसंच होतं."

"म्हणजे जी माणसं घर दुसऱ्यावर टाकून निघू शकली ती निघाली. ज्या निघू शकल्या नाहीत, त्यांची नावं आपल्याला ठाऊकच नाहीत. आज एक बाई निघायला तयार आहे. तिचा चुलाही तीच पेटवते."

त्यावर कोणी काही बोलले नाही. मग मीच कागद घेतला. चौदा जणांत रोजीवर जगणारे पाच. चार प्रयोगांचे चार दिवस, त्यांच्या दुसऱ्या दिवसांचे चार, आणि पडद्या-लाईटसह रंगीत तालमीचा एक, नऊ दिवस. तीनशे रुपयांप्रमाणे पाच माणसांचे १३,५०० रुपये. एवढे पैसे आणायचे कुठून? गेल्या वर्षीच्या खर्चाच्या पानावर बोट फिरवले आणि एका ओळीवर थांबलो. पाहुण्यांचे सत्कार, हार, शाली, मोमेंटो: १४,००० रुपये.

पाहुण्यांना यंदा एक फूल द्यायचे ठरले. आमच्या ऑडिटरांना मी भीत भीत विचारले. ते म्हणाले, "ठराव करा, व्हाउचर ठेवा, ज्याला पैसे दिले त्याची सही किंवा अंगठा घ्या. यात अडचण कसली?" खतावणीत 'प्रयोग खर्च' याखाली मी एक नवा रकाना आखला. 'कलावंत रोजी भरपाई'. इतकी वर्षे पडद्याचे भाडे, माईकचे भाडे, टेम्पोचे भाडे, सगळ्याला रकाना होता. माणसाच्या दिवसाला नव्हता. हजेरीचा नियमही बदलला. तीन लाल खुणा झाल्या की आता भूमिका जात नाही. कोणीतरी घरी जाऊन विचारते.

मूर्तिजापूर सोडले तसा रस्ता पुन्हा गुळगुळीत लागला. याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या गावांदरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. गाडीतल्या पोरांना ही गोष्ट फार आवडते. मला मात्र वाटते, पाच दिवसांत रस्ता होतो, पण नाटकाचे वेळापत्रक बसवायला आम्हाला पाच महिने लागतात.

कारण वर्ष आपल्या हातात नसते. आषाढी ते आश्विन पौर्णिमा वर्षावास. विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन. तेव्हा आम्ही तालीम करीत नाही, पण नटांना वाचनाला बसवतो. मोठ्याने, न अडखळता वाचायची याहून चांगली शाळा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. दसऱ्याला कोणी दीक्षाभूमीवर, कोणी दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या मेळाव्याला. दिवाळीनंतर कापूस. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निम्मी वस्ती चैत्यभूमीच्या गाडीत. तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, तो एक चांगला दिवस. फेब्रुवारी-मार्चात परीक्षा. एप्रिलमध्ये जयंतीचा पंधरवडा. तेव्हा मागणी खूप, पण शेजारी डीजे लागला की आमची म्हातारी कोणाला ऐकू येणार? मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बुद्ध पौर्णिमेला रात्री उघड्यावरच प्रयोग. हे सगळे वजा केले की चार प्रयोग उरतात. पूर्वी आम्ही सहा करायचो आणि दोन नेहमी फसायचे; कोणीतरी ऐन वेळी यायचे नाही. आता कळते की त्या कोणाची तरी रोजी आडवी येत होती.

राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिच्या प्राथमिक फेरीचे एक केंद्र अमरावती आहे. त्या स्पर्धेत उतरावे, अशी आमच्या पोरांची इच्छा आहे. त्यासाठी आधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ते आम्ही काढले आहे. पण फेरीचा वार आपण ठरवत नाही आणि पाच जणांची रोजी पुन्हा द्यावी लागेल. तो ठराव पुढच्या वर्षावर गेला. चंद्रपूरचे प्रेमानंद गज्वी 'घोटभर पाणी' लिहितात आणि २०१९ साली नागपूरच्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होतात, हे आमच्या पोरांना ठाऊक आहे. तिकडे झाडीपट्टीत वडसा-देसाईगंजहून दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम निघतो. तिथे तर नाटकावर घरे चालतात, आणि त्याच झाडीपट्टीचे परशुराम खुणे २०२३ ला पद्मश्री झाले. म्हणजे कलावंताच्या दिवसाला किंमत देणे आपल्या विदर्भाला नवीन नाही.

बोरगाव मंजू मागे पडले, अकोला आले. अशोक वाटिकेत अभिवादन करून आम्ही वस्तीत पोचलो. शहरात प्रमिलाताई ओक सभागृहासारखे नाट्यगृह आहे, पण आमचा प्रयोग वस्तीतच, विहारासमोरच्या मोकळ्या जागेत होता. तिथल्या बायांनी झुणका-भाकर आणि ठेचा करून ठेवला होता. जेवून बांबू उभे केले. पुतण्याने लाईट बांधले. लाऊडस्पीकर दहाला बंद करावा लागतो, म्हणून सातला पडदा वर गेला. थंडी पडली होती. सतरंज्या पुरल्या नाहीत, लोक पोती घेऊन आले.

ऑटोवाला पोरगा चांगला बोलला. पण तार येते त्या प्रसंगात मावशी दाराशी नुसत्या उभ्या राहतात. त्यांना तिथे एकही शब्द नाही. तार वाचली जाते, सभेतले सगळे बाबासाहेबांकडे पाहतात, आणि मावशी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून खाली बसतात. गुरुजींनी हे बसणे शिकवले नव्हते. समोर बसलेल्या कितीतरी बायांचे हात त्याच वेळी आपापल्या पदराला गेले.

प्रयोगानंतर मी पावतीपुस्तक घेऊन टेबलावर बसलो होतो. एका आजीने वीसची नोट पुढे केली आणि म्हणाली, "पावती फाडा भाऊ, माह्या नावानं." मावशींभोवती चार-पाच बाया जमल्या होत्या. त्यातली एक विचारत होती, "तुमचं काम बुडलं नाई का व?"

"बुडलं. पन रोजी भेटते," मावशी म्हणाल्या. "कागदावर अंगठा घेतेत."

ती बाई थोडा वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे येऊन तिने विचारले, की अकोल्यात असे नाटक निघाले, तर बायांना असे देतील काय. मी तिथल्या विहाराच्या कार्यकर्त्याला बोलावले आणि आमचा ठराव त्याला लिहून दिला. मजकूर, रकाना, व्हाउचरचा नमुना, सगळे. हेच माझे त्या रात्रीचे नाट्यकार्य.

परतीला साडेअकरा झाले. पडद्याच्या गाठोड्यावर डोके टेकून मावशी झोपल्या होत्या. नाटकातली सून जागी होती, तिने आपली शाल त्यांच्या अंगावर घातली. बडनेऱ्याला दीड वाजला. सोमवारी कापूस होता, पण मावशींना उठायचे नव्हते. तो दिवस वहीत लिहिलेला होता.

मंगळवारी संध्याकाळी मी व्हाउचर घेऊन त्यांच्याकडे गेलो. सहाशे रुपये मोजून दिले. त्यांनी अंगठा उठवला, बोटाची शाई भिंतीला पुसली आणि विचारले, "भाऊ, तीन जानेवारीचं पक्कं हाये ना? मुकादमनीले आतापासून सांगा लागते."

पक्के आहे, म्हणालो.

बंधू-भगिनींनो, ज्या वस्तीत नाटक काढायचे मनात असेल, तिथल्या कोषाध्यक्षाला माझी एकच विनंती. पडद्याचा भाव विचारण्याआधी पात्रांपैकी कोणाची रोजी बुडते ते विचारा, आणि वहीत तो रकाना आधी आखा. हार-तुरे थोडे कमी झाले तर पाहुणे रागावत नाहीत. आमचे तरी कोणी रागावले नाहीत.

जयभीम.